नोंदवहीतलं दूध

१९ ऑगस्ट १९७९, रविवार

नोंदवही वेगळी, ही वही वेगळी. नोंदवही खात्याची. तिच्यात किती वाजता लाइनचा जोर दाखवणारी सुई कुठे होती आणि हवा कशी होती एवढंच लिहायचं. असीलला कसं वाटलं ते खात्याला नको असतं. ही वही माझ्या नवऱ्याने, कुबातने, राजधानी फ्रुन्झेला जाताना दिली होती. "रोज लिही, आलो की एका बैठकीत वाचून काढीन," म्हणाला होता. त्याला अकरा महिने झाले आणि पहिलं पान आज उघडतेय. तो येणारच आहे, मग लिहायचं कशाला, असं वाटत राहिलं.

आज उघडायचं कारण असं की सकाळी नऊला त्याचा फोन आला आणि मी "आबांचे दात..." एवढंच म्हटलं, तोच सुई पडली. कानात आधी वाळू ओतल्यासारखा आवाज, मग काहीच नाही. पुढे बरंच सांगायचं होतं. जर्दाळू वाळवून झाले, छत शाकारलं, आणि मला त्याची फार आठवण येते. शेवटचं वाक्य मी नेहमी शेवटासाठी ठेवते, आणि शेवटापर्यंत लाइन राहत नाही.

मनोरा कुबातचा. म्हणजे खात्याचाच, पण इथला यंत्रचालक तो. खाली इसिक-कुल तळं, वर डोंगर, मधल्या सोंडेवर मनोरा, यंत्रांची खोली आणि आमचं दोन खोल्यांचं घर. समोरच्या काठावर पंचावन्न किलोमीटरवर दुसरा मनोरा. आमच्या बाजूच्या सगळ्या गावांची बोलणी, लग्नं, बाळंतपणं, डॉक्टरांची बोलावणी, इथून पाण्यावरून पलीकडे जातात आणि तिथून फ्रुन्झेला. कुबात वर्षाच्या अभ्यासक्रमाला गेला तेव्हा पंधरा दिवसांत मला शिकवून गेला. सुई साठावर असली की ठीक. विसाच्या खाली गेली की गावं मुकी. दिवसपाळी माझी, रात्रीची सापारची. मी हंगामी. कुबात येईपर्यंत.

२० ऑगस्ट

आजही गेली. सकाळी सहा चाळीसला सुई बारावर, नऊ पाचला परत साठ. नोंदवहीत लिहिलं: दूध होतं, दूध गेलं.

हे दूध काय ते इथे लिहून टाकते, म्हणजे मनाची टोचणी जाईल. सून सासऱ्यांचं नाव घेत नाही, आणि ते नाव ज्या शब्दात येतं तो शब्दही घेत नाही. नवऱ्याचं नाव घ्यायची मुभा मला कुबातने लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी देऊन टाकली, पण सासऱ्यांचं ते सासऱ्यांचं. आबा जन्मले त्या पहाटे त्यांच्या वडिलांनी बाहेर पाहिलं आणि जे दिसलं तेच नाव ठेवलं: तळ्यावर येऊन बसतं, होड्या गिळतं, पलीकडचा काठ पुसून टाकतं ते पांढरं. वारा दिसला असता तर माझा जन्म सोपा गेला असता. खात्याची वही रशियनमध्ये लिहायची असते म्हणून आशेने तिकडे वळले, तर तिथेही तोच शब्द. दोन भाषांनी मिळून मला कोंडीत पकडलं.

म्हणून मी दूध लिहिते. दिसतंही तसंच.

२६ ऑगस्ट, रविवार

कुबातचा फोन. तीन मिनिटं. सकाळपासून वाऱ्याचं नाव नाही, तळं इतकं निश्चल की डोंगर उलटे उभे. मला ठाऊक होतं आज लाइन जाणार, म्हणून मी भरभर बोलले. तोही भरभरच बोलला. अभ्यासक्रम जूनमध्ये संपला तरी आता प्रत्यक्ष कामाचा अनुभव घेतोय. बटाटे काढून झाले की येतो. आधी जर्दाळूचं म्हणाला होता.

"तुला करमतं का तिथे?" मी विचारलं, आणि वाळू सुरू झाली.

पलीकडच्या मनोऱ्यावर जुमागुल एजे असते. माझ्याहून आठ वर्षांनी मोठी, म्हणून एजे, म्हणजे ताई; बोलण्यात तिखट. लाइन परत आल्यावर चालकांच्या आपसांतल्या सेवेच्या तारेवर म्हणाली (शब्द तिचा, मी नुसता उतरवतेय), "तुमान आहे ना ग तिकडे?"

"दूध आहे."

"सासऱ्याला प्यायला देशील एक दिवस." मग चेष्टा सोडून विचारलं, "कुबात काय म्हणाला?"

"बटाटे काढले की येतो म्हणाला. तू तर जोडून देतेस, ऐकलं नाहीस?"

"मी ऐकत नाही कुणाचं," जुमागुल एजे म्हणाली. हे काही खरं नाही. मागच्या वर्षी अख्ख्या उत्तर काठाला माझ्या गाजराच्या भाताची कृती हिच्यामुळे कळली.

३१ ऑगस्ट

अशा निश्चल सकाळी आपली लाइन मरते आणि कुणाची तरी जिवंत होते. आज अंगणातल्या आबांच्या जुन्या होडीतला बिनतारी संच, जो दहा किलोमीटरपलीकडे कुणाला ऐकत नाही, तो आपोआप बोलू लागला. तळ्याच्या पार पूर्वेच्या टोकाचे कोळी असावेत. एक माणूस फार मायेने सांगत होता, "थोडं डावीकडे घे. अजून थोडं. हां, आता सोड." दुसरा कुणीतरी शीळ घालत होता. मग एक बाई म्हणाली, "सगळे आले का रे?" आणि त्या पांढऱ्यातून कुणीतरी उत्तर दिलं, "आले."

मी अंगणात चहा हातात घेऊन उभी राहिले तो गार झाला. कुठली कोण माणसं, माझ्या उंबऱ्याशी येऊन बोलून गेली. मग त्याच हवेला कुबातचा आवाज जड का होतो?

२ सप्टेंबर, रविवार

सकाळपासून उलान वारा. पश्चिमेकडून हा सुटला की तळ्यावर फेस. सुई बासष्ट, हलायला तयार नाही. फोन आला नाही. एक्स्चेंजमध्ये गर्दी असणार.

६ सप्टेंबर

विभागीय कार्यालयाचं पत्र. लाइन वारंवार बंद पडते, दक्षिण काठावरून तक्रारी आहेत. कारण चालकाचा हलगर्जीपणा असल्याचं नोंदवहीवरूनच स्पष्ट दिसतं. चौकशीला अभियंता येईल. तोवर "स्वयंपाकाची कामं" यंत्रांच्या खोलीत करू नयेत.

तीनदा वाचलं. यंत्रांच्या खोलीत मी तळलेल्या बोर्सोकचा तुकडासुद्धा नेत नाही, तेलकट हात लागतील म्हणून. कसली स्वयंपाकाची कामं?

मला काढलं तर जागा दुसऱ्याला देतील, आणि कुबात परत येईल तो कुठे? मला माझी एवढी चिंता नाही. पण त्याची खुर्ची मी सांभाळतेय, ती माझ्या हातून जायला नको. शिवाय या मनोऱ्यावर नसले तर त्याचा फोन घ्यायचा कुठे?

८ सप्टेंबर

आबा फ्रुन्झेला गेले, दातांसाठी. चार वर्षं मी मागे लागले होते, तेव्हा "चेबाक मासा चघळायला हिरड्या पुरतात" म्हणायचे. आज पहाटे स्वतःहून टोपी घातली, कोट झटकला. मी वाळवलेल्या माशांची जुडी आणि जर्दाळू कुबातसाठी बांधून दिले.

"पत्ता आहे ना त्याचा?"

"आहे," आबा म्हणाले. "माझ्याकडे आहे."

१२ सप्टेंबर

आबा आले. दात नाहीत. डॉक्टर रजेवर होते म्हणे. आल्यावर जेवले नाहीत, तळ्याकडे तोंड करून बसले. प्रवासाने थकले असतील, वय काय कमी आहे.

"कुबात भेटला?"

"भेटला."

"कसा आहे?"

"जाड झालाय." मग "तुला हे दिलंय त्याने," म्हणून एक रुमाल काढला. निळा, काठाला पांढरी फुलं. मी आतल्या खोलीत जाऊन डोक्याला बांधून पाहिला आणि वेड्यासारखी हसले. कोपऱ्यात तळ्याच्या टोकाला, फ्रुन्झेच्या वाटेवर असलेल्या रिबाच्येच्या दुकानाची चिठ्ठी टाचलेली आहे. कुबात कामासाठी रिबाच्येला येऊन गेला असणार. इतक्या जवळ आला होता आणि सांगितलं नाही, वेळ नसेल मिळाला. माशांची जुडी आबांच्या पिशवीत तशीच परत आली. घाईत द्यायची राहिली म्हणाले.

संध्याकाळी म्हणाले, "असील, तू परीक्षा दे. कायमची हो या जागेवर."

"आणि कुबात?"

ते सरपण फोडायला उठून गेले. मागच्या आठवड्यात फोडलेलं अजून संपलेलं नाही.

१८ सप्टेंबर

अभियंता आले. लेओनिद झाखारोविच. पन्नाशीचे, बारीक, एक हात सतत पोटावर. अल्सर आहे म्हणाले. मी चहा आणि मुरंबा ठेवला तर म्हणाले, "चहा नको. पेलाभर दूध द्या."

"दूध नाही."

"संपलं?"

"नसतंच. गाय नाही आमच्याकडे."

"बकरी?"

"बकरीही नाही."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्यापासून गाय लपवली आहे. मग पिशवीतून माझ्या नोंदवहीच्या प्रती काढल्या. "वीस ऑगस्ट, सहा चाळीस, सुई बारा. सहा चाळीस, सुई बारा. नऊ पाच, दूध गेलं, सुई साठ. एकवीस ऑगस्ट, दूध. तेवीस, दाट दूध. बाई, एका महिन्यात अठरा दिवस दूध आणि अठराच दिवस लाइन बंद. तुमची शेगडी वीज ओढते, व्होल्टेज पडतं, यंत्र बसतं. कार्यालयात कोडं सुटलं म्हणून सगळे खूश आहेत. सव्वीस तारखेला काय लिहिलंय? 'दूध काठापर्यंत आलं आणि सांडलं.' पुसलंत तरी का?"

माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. सांगायला तोंड उघडलं तर तो शब्द समोर उभा. तेवढ्यात आबा दारात आले, त्यामुळे उरलेसुरले शब्दही गेले. मी मान खाली घालून उभी, अभियंता शेगडी शोधायला खाली वाकलेले, आणि भिंतीवरच्या सेवेच्या कर्ण्यातून जुमागुल एजेचं हसू.

"साहेब, ती मेली तरी सांगायची नाही. तिच्या सासऱ्यांचं नाव तुमानबाय आहे."

"मग?"

"मग ती तुमान कसं म्हणेल? म्हणून दूध."

अभियंत्यांनी प्रत पुन्हा वाचायला घेतली. ओठ हलत होते. तेवीस तारखेपर्यंत आले आणि पोट धरून खुर्चीवर बसले. आधी मला वाटलं अल्सर उठला. हसत होते.

आबा गंभीरपणे म्हणाले, "वर्षभर दूध म्हणतेस मला?"

मी डोक्यावरचा रुमाल पुढे ओढला.

"बरं केलंस. धूर म्हणाली असतीस तर वाईट वाटलं असतं."

१९ सप्टेंबर

काल रात्री अभियंता आमच्याकडेच राहिले. आज सहाला आबा त्यांना काठावर घेऊन गेले, मागे मी. वारा नाही. पाणी काचेसारखं.

"पलीकडे बघा," आबा म्हणाले.

रोज एक बारीक रेघ दिसते तो उत्तर काठ आज उभा राहिला होता. उंच, भिंतीसारखा, झाडं ताणलेली, आणि त्यावर तोच काठ पुन्हा एकदा उलटा. मधे जुमागुल एजेचा मनोरा हवेत तरंगत होता, त्याला पाय नव्हते. मी हे लहानपणापासून पाहत आलेय, तरी आज नव्याने पाहिलं. ते पांढरं अजून कुठेच नव्हतं.

"काठ उभा राहिला की बोलणं मरतं," आबा म्हणाले. "हा पांढरा बाबा नंतर येतो. आल्यावर सगळे त्याच्या नावाने ओरडतात." तेही स्वतःचं नाव टाळतात की माझी थट्टा करतात, कळलं नाही.

मी धावत वर गेले. सुई तीस, बावीस, चौदा. खिडकीतून खाली पाहिलं. तळं अजून स्वच्छ होतं. पांढरं यायला पुढे वीस मिनिटं लागली. वर्षभर मी दोन्ही वेळा लिहीत होते, पण एकीवर दुसरी ठेवून कधी पाहिलीच नव्हती.

अभियंत्यांनी न्याहारीला समजावलं, ते मला समजलं तसं लिहिते. हवा एकसारखी असेल तर रेडिओचा किरण सरळ जातो. पण निश्चल सकाळी डोंगरावरची गार हवा पाण्यावर उतरून बसते आणि उबदार हवा तिच्यावर. थरातून जाताना किरण वाकतो. म्हणून तर आपल्याला काठ उभा दिसतो; डोळ्याला फसवते तीच हवा मनोऱ्यावरच्या तबकडीला फसवते. त्यात तळं आरसा झालेलं, म्हणजे एक किरण थेट येतो आणि एक पाण्यावरून उसळून. दोघे एका वेळी दाराशी; एक दार आत ढकलतो, एक बाहेर. दार हलतच नाही. आवाज दोघांकडेही असतो, पोचत कुणाचाच नाही.

"आणि ते पांढरं?" मी विचारलं.

"त्याचा काही दोष नाही. आमच्या लाइनला ते जवळपास पारदर्शकच. त्याच हवेत जन्मतं म्हणून बरोबर दिसतं, इतकंच."

आबांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "म्हणजे माझ्यावरचा आळ गेला."

उपाय काय, तर दुसरी तबकडी, मनोऱ्यावर दहा मीटर खाली. एका उंचीवर दार अडलं असेल तेव्हा दुसऱ्या उंचीवर उघडं असतं. आबा म्हणाले हे आम्ही केव्हापासून करतो, मासे रोज एका खोलीवर नसतात म्हणून जाळी दोन निरनिराळ्या खोलीवर लावतो. अभियंत्यांनी ते कागदावर लिहून घेतलं. पुराव्याला माझीच नोंदवही जोडणार. फक्त एक खुलासा हवा: "जेथे दूध असे लिहिले आहे तेथे अमुक वाचावे." तो शब्द त्यांनी लिहिला, मी दुसरीकडे पाहून सही केली. जाताना परीक्षेचा अर्ज ठेवून गेले. "डिसेंबरात आहे. अशी नोंदवही ठेवणारी बाई मी पाहिली नाही." अर्ज खणात टाकलाय. मला कशाला, कुबात येईलच आता. आणि लाइन नीट झाली की त्याआधी पोटभर बोलता येईल. वर्षभरात एकदाही शेवटचं वाक्य म्हटलेलं नाही.

३ ऑक्टोबर

पहाटे स्वप्न पडलं. कुबात पाण्यावरून चालत येतोय, पण दोन कुबात, एक सुलटा एक उलटा, पायाला पाय जोडलेले. मी काठावरून ओरडतेय, डावीकडे घे, थोडं डावीकडे. माझ्यापाशी पोचायच्या आधी दोघे एकमेकांत मिसळले आणि कुणीच उरलं नाही. उठले तेव्हा आबा चूल पेटवत होते. स्वप्न सांगितलं नाही. सांगितल्याने खरं होतं असं माझी आई म्हणायची.

१६ ऑक्टोबर

तबकडी आली. ट्रकमधून, गवतात गुंडाळून. तिघे गडी आले होते, आबांनी होडीचे दोर दिले आणि गाठी स्वतः मारल्या. दुपारपर्यंत वर गेली. एका गड्याने विचारलं, "आजोबा, हिचा उपयोग काय?" आबा म्हणाले, "खरं काय ते ऐकू यावं म्हणून." मला त्यांचं बोलणं हल्ली कोड्यासारखं वाटतं. दात नसल्यामुळेही असेल.

२८ ऑक्टोबर, रविवार

बारा दिवसांत एकदाही लाइन गेली नाही. परवा काठ उभा राहिला, वरची सुई आठावर आली, आणि खालची अठ्ठावन्नावर ताठ. यंत्र आपलं आपण खालचीकडे वळलं, जुमागुल एजेला कळलंही नाही. मी एकटीच खोलीत टाळ्या वाजवल्या.

कुबातचा फोन मात्र तीन रविवार नाही. लाइन मिळत नाही असं समजून त्याने नाद सोडला असेल, त्याला दुसऱ्या तबकडीचं कुठे माहीत आहे. जुमागुल एजेला म्हटलं, फ्रुन्झेला निरोप दे, आता सगळं ऐकू येतं. ती "देते" म्हणाली आणि नेहमीसारखी काही चेष्टा केली नाही.

आबा हल्ली रविवारी नऊच्या सुमाराला यंत्रांच्या खोलीच्या पायरीवर येऊन बसतात. जाळं विणतात. इतकी जाळी लागतात कुणाला?

७ नोव्हेंबर

क्रांतिदिनाच्या सणाची सुट्टी. बटाट्यांनंतर तो सणाला येतो म्हणाला होता. निळा रुमाल बांधला होता. तिन्ही बस पाहिल्या. तिसऱ्या बसचा ड्रायव्हर मला ओळखायला लागलाय, नुसती मान हलवतो.

सणाच्या दिवशी बसला गर्दी असते.

११ नोव्हेंबर, रविवार

जसं झालं तसं लिहिते.

सकाळपासून उलान वारा. नऊ वाजता फोन वाजला. "फ्रुन्झे," जुमागुल एजे म्हणाली, एवढंच.

"असील?"

इतका जवळ होता तो, की मी मागे वळून पाहिलं. श्वास ऐकू येत होता. त्याच्या मागे कुठेतरी घड्याळ चालत होतं, नळ ठिबकत होता. वर्षभर मला जे मिळत होतं ते वाळूतून चाळलेलं होतं, आज मला पुरा माणूस मिळाला. मी म्हटलं, "कुबात, आता दोन तबकड्या आहेत. लाइन जात नाही. तू सावकाश बोल." आणि मग, शेवटाची वाट न पाहता, "मला तुझी फार आठवण येते."

तिकडून नुसतं घड्याळ ऐकू आलं. मग त्याच्या मागून एका बाईचा आवाज, घरातल्या माणसाला हाक मारावी तसा, अगदी सहज: "कुबात, दूध बघ रे, उतू जातंय."

पावलं. भांडं उचलल्याचा आवाज. ती हसली.

तो परत आला. "असील? हॅलो? काही ऐकू येत नाहीये."

"मला येतंय," मी म्हटलं.

"तिकडे पुन्हा तुमान आहे वाटतं. ऐकूच येत नाही. नंतर करतो." आणि ठेवला.

मी खिडकीतून पाहिलं. तळं गर्द निळं, लाटांवर फेस, पलीकडचा काठ बारीक आणि धारदार, एकेक झाड मोजून घ्यावं असा. वरची सुई एकसष्ट. खालची साठ. मी काचेवर टिचकी मारून पाहिली. दोन्ही हलल्या नाहीत.

कर्ण्यातून जुमागुल एजे हळूच म्हणाली, "असील, माझ्याकडेही साठ आहे ग."

"दिसतंय मला."

"मी तुला सांगायला हवं होतं."

"तू कुणाचं ऐकत नाहीस ना," मी म्हटलं. ती रडायला लागली, म्हणून मीच कर्णा बंद केला.

मी उठून मागची पानं चाळली, हीही आणि खात्याचीही. दोन सप्टेंबर, सुई बासष्ट, फोन नाही. तीन रविवार, लाइन ठीक, फोन नाही. सगळं माझ्याच अक्षरात लिहिलेलं. रिबाच्येची चिठ्ठी. परत आलेले मासे. मी हवेला बोल लावत होते, हवेने तर बिचारीने वर्षभर मला झाकून धरलं होतं. दोन्ही वह्या मिटून खणात सारल्या.

आबा पायरीवरून उठून आत आले होते. मी रीतीप्रमाणे उभी राहिले.

"काय म्हणाला?"

"म्हणाला, ऐकू येत नाही."

"का?"

"म्हणाला, इकडे..." मी थांबले. "इकडे दूध आहे."

आबांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. मग टोपी काढून टेबलावर ठेवली.

"मी सप्टेंबरात पाहून आलो होतो. तुला सांगायला जीभ उचलली नाही. रुमाल आणला. भित्रा आहे मी." मग आवाज चढला, आयुष्यात पहिल्यांदा माझ्यासमोर. "पण तो माझं नाव घेऊन खोटं बोलला. बापाचं नाव घेऊन. बाहेर बघ, आहे का काही?"

"नाही, आबा."

"काय नाही?"

मी मान खाली घातली.

"सून नाव घेत नाही," आबा म्हणाले. "लेक घेते. तू आता या घरात माझी लेक म्हणून आहेस, तो येवो न येवो. बस. वही काढ. माझ्यावर आळ आलाय, तो तू तुझ्या हाताने पूस."

मी खण उघडला. परीक्षेचा अर्ज वर होता, तो बाजूला काढून ठेवला, आज भरायचा आहे. नोंदवही काढली. तारीख घातली. आबा मागे उभे होते, वाचता येत नाही तरी पेनाकडे बघत. लिहिलं, आणि लिहिलेलं त्यांना मोठ्याने वाचून दाखवलं.

नऊ वाजून बारा. उलान वारा. दोन्ही तबकड्या ठीक. सुई साठ. तुमान नाही.